बैठकीचे वस्त्र

सायकलीविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात चाके, साखळी, गिअर, दिवा, घंटा या साऱ्यांची वास्तपुस्त होते. परंतु सायकल आणि माणूस यांची गाठ प्रत्यक्षात जिथे पडते, त्या जागेविषयी सगळे मौन पाळतात. हे मौन सभ्यतेचे आहे, यात शंका नाही. पण त्याची किंमत सायकलस्वाराच्या कातडीला मोजावी लागते. पाच-सहा किलोमीटरवरील कचेरीत जाऊन येणाऱ्या गृहस्थाला ही किंमत कळत नाही. पाटलोणीच्या पायाला चाप लावून तो जातो आणि संध्याकाळी परत येतो. तोच गृहस्थ एखाद्या रविवारी हुरूप येऊन पुण्याहून वाईला सायकलवर निघाला, की तिसऱ्या-चौथ्या तासाला त्याचे लक्ष ना डोंगरांकडे राहते, ना घाटाच्या चढाकडे. तो सीटवर कधी उजवीकडे सरकतो, कधी डावीकडे. आणि घरी परतल्यावर दोन दिवस खुर्चीच्या अगदी कडेला बसतो. विचारले तर म्हणतो, पाय दुखतात.

हा त्रास केवळ नवशिक्यांचा असतो, असेही नाही. १९८७ साली आयर्लंडचा शॉन केली स्पेनच्या फेरीत पहिल्या क्रमांकावर होता आणि शर्यत संपायला तीन दिवस उरले होते. बैठकीवर आलेल्या गळवामुळे त्याला तिथेच सायकलवरून उतरावे लागले. दोन वर्षांनी, म्हणजे १९८९ साली, फ्रान्सच्या सुप्रसिद्ध फेरीत लोराँ फिन्यों हा अखेरच्या दिवशी ५० सेकंदांनी पुढे होता. उरले होते व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे अवघे साडेचोवीस किलोमीटर. सुमारे ३,३०० किलोमीटरांची ती शर्यत तो ८ सेकंदांनी हरला. त्याचा प्रतिस्पर्धी लेमाँड याने हँडलला नव्या तऱ्हेच्या दांड्या लावून वाऱ्याचा विरोध कमी केला होता, ही गोष्ट त्या निकालामागे होतीच. पण फिन्योंला बैठकीवरील फोडामुळे धड बसताही येत नव्हते, हीदेखील होती. जगातील उत्तम वस्त्रे, उत्तम वैद्य आणि उत्तम सायकल दिमतीला असताना ज्यांची ही गत झाली, त्यांच्यापुढे रविवारच्या प्रवाशाने आपल्या दुखण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

हे दुखणे उद्भवते कसे, हे समजून घेतले म्हणजे वस्त्र कसे निवडावे याचा बराचसा उलगडा आपोआप होतो. नीट बसलेल्या माणसाचा भार कमरेखालच्या दोन हाडांवर पडतो. वैद्यकाच्या भाषेत त्यांना आसनास्थी म्हणतात. मराठीत बैठकीची हाडे म्हटले तरी चालेल. ही हाडे आणि त्यांवरील मांस भार सोसण्यासाठीच आहेत. त्या दोहोंच्या मधल्या भागाची गोष्ट निराळी आहे. तेथून नाजूक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. त्यांवर दाब आला, की प्रथम मुंग्या येतात आणि मग तो भाग बधिर होतो. ही बधिरता अंगवळणी पडेल, असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट घर्षणाची. मध्यम गतीने जाणारा स्वार मिनिटाला सुमारे ८० वेळा पायटे फिरवतो. म्हणजे तासाला ४,८०० फेरे झाले, आणि दहा तासांच्या प्रवासात ते ४८,००० होतात. प्रत्येक फेऱ्याला मांडीची आतली बाजू सीटच्या कडेवरून एकदा खाली आणि एकदा वर जाते. एवढ्या वेळा एखादी दोरी दगडावरून ओढली, तर दगडालाही खाच पडेल. मग घामाने भिजून मऊ झालेल्या कातडीची काय कथा! आधी ती लाल होते, मग सोलवटते. केसांच्या मुळांशी जंतू शिरले की केसतुडे येतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत नायटाही पाठीमागून येतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा पोशाख या कसोटीवर घासून पाहावा. आत सुती जांघ्या आणि वर जाड कापडाची पाटलोण किंवा हाफ पँट. सुती कापडाची थोरवी आपल्या उष्ण देशात कोणाला सांगायला नको; पण ती थोरवी वारा लागेल तेथली आहे. सीट आणि शरीर यांच्यामध्ये वारा लागत नाही. तेथे सूत घाम पिते आणि तो धरून ठेवते. त्यातच जांघ्याच्या पायाचे इलॅस्टिक नेमके जांघेच्या घडीत रुतते आणि त्याची शिवण बैठकीच्या हाडाखाली येते. पाटलोणीच्या चारही शिवणी जेथे एकत्र मिळतात, तो गठ्ठा तर बरोबर त्या नाजूक मधल्या भागाखालीच असतो. शिंप्याचा यात काही दोष नाही. त्याने ती पाटलोण चालण्यासाठी आणि खुर्चीवर बसण्यासाठी शिवलेली असते.

आखाड्याचा अभिमान असलेले काही जण लंगोटाचे नाव घेतील. लंगोटाला कडेच्या शिवणी नाहीत, तो हवा तेवढा आवळता येतो, आणि दंड-बैठका किंवा मल्लखांब यांसाठी त्याच्याइतके सोपे आणि निर्दोष वस्त्र दुसरे नाही. याच कल्पनेचा एक पाश्चात्त्य भाऊबंद १८७४ साली शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीत चार्ल्स बेनेट याने तयार केला, आणि तो मुळात फरसबंदीच्या खडबडीत रस्त्यांवर धक्के खाणाऱ्या सायकलस्वारांसाठीच होता. परंतु लंगोटाचा कासोटा पीळ पडलेल्या दोरीसारखा दोन पायांमधून मागे जातो. उभ्या माणसाला तो आधार देतो. सीटवर बसलेल्या माणसाच्या तो खाली येतो. तेव्हा तालमीतला हा सोबती लांबच्या प्रवासात तरी घरीच ठेवलेला बरा.

युरोपातील शर्यतवाल्यांनी या प्रश्नाचे उत्तर हळूहळू शोधले. पहिली कित्येक दशके त्यांच्या चड्ड्या विणलेल्या लोकरीच्या असत आणि रंगाने बहुधा काळ्या, कारण सीटच्या चामड्याचे व साखळीच्या तेलाचे डाग काळ्यावर दिसत नाहीत. आतून बैठकीला मऊ चामड्याचा तुकडा लावत. आल्प्समधील शामॉय नावाच्या शेळीसारख्या रानटी जनावराच्या कातड्यावरून त्याला नाव पडले. हे चामडे अंगावर असताना मुलायम असे. पण धुऊन वाळवले की पापडासारखे ताठ होई. मग त्याला मलम चोळून पुन्हा मऊ करावे लागे. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शायव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने लायक्रा हा ताणला जाणारा धागा सिद्ध केला आणि पुढे सायकलस्वारांच्या चड्डीत त्याने लोकरीची जागा घेतली. चामड्याची जागा कृत्रिम कापड आणि स्पंज यांच्या गादीने घेतली. चामडे गेले, पण गादीला अजूनही शामॉयच म्हणतात आणि मलमाची चालही राहिली आहे. आता ते गादीसाठी नसून कातडीसाठी असते, इतकेच. मलमाऐवजी खोबरेल लावणारेही आढळतात. त्याने घर्षण कमी होते खरे, पण तेल गादीत मुरून बसते आणि सहजी निघत नाही.

दुकानात गेलेला मनुष्य गादी बोटाने दाबून पाहतो आणि सर्वांत जाड, सर्वांत मऊ असेल ती उचलतो. इथेच तो फसतो. फार मऊ गादी हाडांखाली दबून कागदासारखी होते आणि मधोमध फुगून वर येते. म्हणजे जेथे आधार हवा तेथे तो राहत नाही आणि जेथे दाब नको तेथे तो येतो. सीटवर चढवण्याच्या जेलच्या मऊ खोळींचेही हेच आहे. चांगली गादी हाडांखाली घट्ट व दाट, कडेला पातळ होत गेलेली आणि मध्ये सुटी जागा असलेली असते. चड्डी अंगाला कातडीसारखी बसली पाहिजे. ती सैल असली, तर गादी सीटबरोबर राहते, शरीर वेगळे हलते आणि घर्षणाला एकाऐवजी दोन जागा मिळतात. म्हणून ती उभ्याने नव्हे, तर हँडल धरल्यासारखे ओणवे होऊन पारखावी. खांद्यावरून पट्टे घेणारा प्रकार उभ्याने ओढल्यासारखा वाटतो, पण वाकल्यावर नेमका बसतो आणि पोटावर इलॅस्टिक काचत नाही. ताठ बसून दांडीची साधी सायकल चालवणाऱ्याला मागच्या बाजूस रुंद गादी हवी. खाली वाकून चालवणाऱ्याला ती थोडी पुढे सरकलेली हवी. आणि सीटच वाजवीपेक्षा उंच असली, तर पायटे गाठण्यासाठी कंबर दोन्ही बाजूंना डुलत राहते. मग कितीही दाम मोजले तरी चड्डी काही करू शकत नाही.

या चड्डीच्या आत दुसरे काही घालायचे नसते. ही एक गोष्ट आपल्याकडे पटवणे सर्वांत अवघड आहे. लहानपणापासूनचे संस्कार आड येतात. पुष्कळ जण महागाची चड्डी घेतात, आत सुती जांघ्या घालतात आणि मग चड्डी कुचकामाची ठरवून मोकळे होतात. वस्तुतः ती गादी म्हणजेच अंतर्वस्त्र. तिच्यावर शिवणीचा दुसरा थर घातला, की तिचा सारा उपयोग संपला. संकोच बाहेरच्या रूपाविषयी असेल, तर त्यावर उपाय सोपा आहे. वरून एखादी हलकी, सैल, गुळगुळीत कापडाची अर्धी विजार घालावी. चहाच्या टपरीवर उतरताना कोणाची नजर वळत नाही, आणि चार खिसेही मिळतात.

स्त्रियांच्या वाट्याला हा संकोच दुपटीने आला. विलायतेत १८९८ साली लेडी हार्बर्टन यांनी सायकलीसाठी योग्य असा विजारीचा पोशाख केला होता, म्हणून सरे परगण्यातील एका हॉटेलवालीने त्यांना कॉफीच्या दालनात प्रवेश नाकारला. दुसऱ्या वर्षी खटला उभा राहिला आणि हॉटेलवाली निर्दोष सुटली. आजचा संकोच अधिक मुका आहे. स्त्रियांची बैठकीची हाडे सामान्यतः अधिक अंतरावर असतात. पुरुषांच्या मापाची गादी त्यांना पुरत नाही, आणि हे दुकानदाराला विचारणे जड जाते. खांद्याच्या पट्ट्यांची चड्डी तर लघुशंकेसाठी वरचे कपडे उतरवायला लावते. त्यासाठी मागे उघडणाऱ्या चड्ड्या आता मिळू लागल्या आहेत. ज्यांना त्या मिळत नाहीत, त्यांनी पट्टे नसलेली चड्डी घेणेच शहाणपणाचे.

पुणे, मुंबई, नाशिक येथे अलीकडे ब्रेव्हे नावाच्या दीर्घ फेऱ्या होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावे लागतात. अशा फेरीस निघणारा जाणता स्वार सामानात दुसरी चड्डी ठेवतो. पंधरा-वीस मिनिटांनी पायट्यांवर क्षणभर उभा राहून तो दबलेल्या भागात रक्त खेळू देतो. मुक्कामाला पोचल्यावर जेवणाच्या आधी ओली चड्डी उतरवतो, साध्या साबणाने धुतो आणि उलटी करून गादीची बाजू वाऱ्याला येईल अशी टांगतो. कपडे मऊ करणारे द्रव तो वापरत नाही. त्यांचा थर बसला की कापड घाम शोषून बाहेर टाकीनासे होते. सकाळी निघताना गादी बोटांनी चाचपून पाहतो, आणि ती जराशी जरी दमट लागली, तरी ती तशीच हँडलला बांधून दुसरी चढवतो.