विल्ना येथील स्ट्राशुन ग्रंथभांडार

लिथुआनियांतील विल्ना नगर, म्हणजे आजचें विल्निअस, एके काळीं ज्यू विद्येचें माहेरघर होतें. तेथील धनिक पंडित मत्तित्याहू स्ट्राशुन १८८५ सालीं निवर्तले, तेव्हां पांच हजारांहून अधिक ग्रंथांचा आपला संग्रह त्यांनीं ज्यू समाजास अर्पण केला. १८९२ मध्यें तो सर्वांस खुला झाला. वृद्ध धर्मशास्त्री आणि तरुण विद्यार्थी तेथें एकाच मेजाशीं वाचीत बसत.

दुर्मिळ ग्रंथाचें मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाहीं. धर्मशास्त्र्यांस विचारलेले प्रश्न व त्यांनीं दिलेले निर्णय यांचे हिब्रू संग्रह छापले जात. त्यांत कर्जाचे तंटे, विवाहाच्या अटी, प्रवासांत बेपत्ता झालेल्या पुरुषाच्या पत्नीची अवस्था असें सारें लोकजीवन उतरलेलें असतें. कित्येक ग्रंथांच्या आरंभीं आगाऊ वर्गणीदारांचीं नांवें गांववार दिलेलीं असतात. ज्या गांवचें दप्तर नष्ट झालें, तेथील माणसांचा माग इतिहासकारास अशा यादींतच लागतो.

१९४१ सालीं नाझी सैन्य विल्नांत शिरलें. ज्यांनीं हें भांडार अनेक दशकें सांभाळलें होतें, त्या ग्रंथपाल खाइकल लुन्स्की यांनाच अटक करून दुर्मिळ ग्रंथांची यादी करावयास लाविलें. पुढें ज्यू विद्वानांचें एक पथक कामास जुंपलें गेलें. निवडक ग्रंथ जर्मनीस धाडावयाचे व उरलेले कागदाच्या गिरणींत लोटावयाचे, अशी आज्ञा होती. ग्रंथ निवडावा तर तो शत्रूच्या हातीं पडे. न निवडावा तर त्याचा लगदा होई. या पेचांतून कवि सुत्स्केव्हर, काझेर्गिन्स्की व त्यांच्या सोबत्यांनीं तिसरी वाट काढली. अंगावरील कपड्यांत ग्रंथ व हस्तलिखितें लपवून त्यांनीं तीं घेट्टोंत नेलीं. पथकांतील बहुतेकांचा पुढें अंत झाला. हे दोघे कवि मात्र वांचले आणि १९४४ सालीं परतून त्यांनीं पुरलेला ठेवा उकरून काढला.

जर्मनीस गेलेले ग्रंथ अमेरिकन सैन्यास सांपडले. विल्नांतच १९२५ सालीं स्थापन झालेल्या व युद्धकाळीं न्यूयॉर्कला हललेल्या यीवो संस्थेकडे ते १९४७ मध्यें पोंचले. लिथुआनियांत राहिलेला भाग सोव्हिएट अमलांत आंतानास उल्पिस या लिथुआनियन ग्रंथपालांनीं एका चर्चच्या इमारतींत जतन केला. २०१५ सालीं उभय देशांतील संस्थांनीं या विखुरलेल्या साहित्याच्या प्रतिमा एकत्र करण्याचें काम हातीं घेतलें. मूळ ग्रंथ आजहि महासागराच्या दोन तीरांवर आहेत; अभ्यासकास ते एके ठिकाणीं वाचावयास मिळतात.