जिल्हा मुंबई उपनगर, तालुका कुर्ला

बोरिवलीत कुणाचं घर असेल, तर त्याचा करारनामा एकदा काढून वाचा. इमारत बारा मजली, दोन लिफ्ट, खाली पार्किंग. जमिनीचं वर्णन मात्र ‘मौजे एक्सर, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर’. महसूल खात्याच्या लेखी आपण अजून गावकरीच!

हा जिल्हा दोनदा जन्मला. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढला, कचेरी वांद्र्याला थाटली. पुढे तो बृहन्मुंबईत विरला, १९५७ला महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडला टेकली आणि १ ऑक्टोबर १९९०ला उपनगर पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड सगळी कुर्ल्यात. आणि कुर्ल्याचे तहसीलदार बसतात मुलुंडला! २०११च्या जनगणनेत इथे ९३ लाखांवर माणसं होती. एवढ्यांना तीन तहसील कचेऱ्या पुरतात असं ज्याला वाटतं, त्याने दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर उत्पन्नाच्या दाखल्याची रांग बघून यावी.

पाणी तुंबलं, कचरा साठला, तर मात्र तहसीलदार कामाचा नाही. तिथे महापालिकेचा वॉर्ड: मुलुंडला टी, घाटकोपरला एन, अंधेरीला के पूर्व आणि के पश्चिम. एक्सर, नाहूर, किरोळ ही गावं कागदावर शाबूत, पण जिल्ह्यात ग्रामपंचायत एकही नाही, जिल्हा परिषदही नाही.

खरी वाटणी केली ती डोंगराने. मध्ये राष्ट्रीय उद्यान, तुळशी आणि विहार. तुळशीकडून निघालेली दहिसर नदी पश्चिमेला जाते, विहार-पवईची मिठी दक्षिणेला माहीमच्या खाडीत. रेल्वेनेही डोंगराला वळसाच घातला. १८५३ची ठाण्याची गाडी पूर्वेकडून गेली, १८६४ची गुजरातकडची पश्चिमेकडून. म्हणून आजही बोरिवलीहून मुलुंडला लोकलने जायचं तर दादरला उतरून गाडी बदलायची. मधे फक्त डोंगर, पण फेरा साऱ्या उपनगराचा.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी त्याच डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे काढायचं ठरलंय. ते झाले की गोरेगावकर मुलुंडला झटकन पोहोचेल. पण मुलुंडच्या तहसीलमध्ये त्याचं काम होणार नाही. गोरेगाव बोरिवली तालुक्यात येतं.