क्लाउड खासगी, पण किल्ली कोणाची?



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत संगणकावर बोलणे काहींना विषयांतर वाटेल. पण आजचा विषय खरे तर कागदपत्रांचा आहे, आणि तो तुमच्या माझ्या जिव्हाळ्याचा आहे. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या घरांत मोडीतल्या सनदा, दत्तकपत्रे, वाटणीपत्रे, जन्मपत्रिका आणि पत्रव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे. आपले घराणे इकडे केव्हा आले, कोणाबरोबर आले, याचा पुरावा पुष्कळदा तेवढाच असतो. आता कागद ठिसूळ झाले, मोडी वाचणारे थोडे राहिले, म्हणून ठिकठिकाणची मंडळे या सगळ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती काढू लागली आहेत. त्याबरोबर सभासदांची यादी, देणगीदारांचे पत्ते, वधूवर मेळाव्याचे अर्ज हेही संगणकात गेले आहे. हे सारे ठेवायचे कोठे, हा प्रश्न मग कार्यकारिणीपुढे येतोच.

त्याला हल्ली एक तयार उत्तर मिळते: "परक्या कंपनीच्या सार्वजनिक क्लाउडवर नको, आपला खासगी क्लाउड करा, म्हणजे सगळे सुरक्षित." या वाक्यातला 'म्हणजे' हा शब्द मला आज तपासून पाहायचा आहे.

'खासगी' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत राज्याची, आणि खासगी ही राजघराण्यातील स्त्रीच्या ताब्यातली स्वतंत्र मिळकत. अहिल्याबाईंनी देशभर केलेल्या धर्मकार्यामागे ही खासगी उभी होती. बडोदे संस्थानात खानगी खाते होते. या शब्दांनी मिळकत कोणाची ते कळे. ती कोणाच्या नजरेस पडत नाही, असा त्यांचा अर्थ नव्हता. खासगीलाही कारभारी होते, कारकून होते, जमाखर्चाच्या वह्या होत्या.

संगणकातही नेमके तसेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली. तिच्यानुसार खासगी क्लाउड म्हणजे एकाच संस्थेच्या वापरासाठी राखून ठेवलेली व्यवस्था. तिची मालकी त्या संस्थेची असेल किंवा दुसऱ्या कोणाची, ती आपल्या आवारात असेल किंवा बाहेर. वापर एकाचा, एवढीच अट. गुप्ततेचे आश्वासन त्या व्याख्येत नाही.

वाड्याची उपमा घेऊ. सार्वजनिक क्लाउड हा अनेक बिऱ्हाडांचा वाडा. भिंती पक्क्या असतात, पहारा चांगला असतो, पण जोते, जिना आणि मालक सामाईक. खासगी क्लाउड हा एकाच कुटुंबाचा वाडा. शेजारचा बिऱ्हाडकरू भिंतीतून कान देईल ही धास्ती गेली. पण सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या बाळगणारा कारभारी इथेही आहेच. यंत्राच्या पोटात एक प्रणाली असते, जी एका मोठ्या संगणकाचे अनेक छोटे संगणक करून दाखवते. तिचा ताबा ज्याच्याकडे, त्याला प्रत्येक खोली उघडता येते. मग तो मंडळाने नेमलेला तंत्रज्ञ असो की बाहेरून शिरलेला चोर.

म्हणून वाडा कोणाचा एवढे विचारून थांबू नये. जुन्या दप्तरखान्याला जे तीन प्रश्न विचारले असते, तेच इथे विचारावेत. कागद कोणाला वाचता येतो? त्यात कोणी फेरफार केला तर कळते का? आणि हवा तेव्हा तो सापडतो का?

पहिला प्रश्न वाचण्याचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातल्या हजारो यंत्रांवर एक खंडणीखोर हल्ला झाला. ही यंत्रे व्हीएमवेअर कंपनीची ईएसएक्सआय ही प्रणाली वापरत होती. आत्ता सांगितले ते एका संगणकाचे अनेक करण्याचे काम हीच प्रणाली करते, आणि पुष्कळ संस्थांचे खासगी क्लाउड तिच्यावर उभे असतात. हल्लेखोर ज्या भोकातून आत शिरले असे मानले गेले, ते बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. ती बसवायची राहून गेली होती. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप या तैवानी कंपनीच्या छोट्या साठवण-पेट्यांवर 'डेडबोल्ट' नावाचा हल्ला झाला. घरांत आणि लहान कचेऱ्यांत 'आपला क्लाउड' म्हणून ठेवतात त्याच या पेट्या. थेट इंटरनेटला उघड्या जोडलेल्या पेट्यांतले कागद कुलूपबंद झाले आणि किल्लीसाठी पैसे मागितले गेले. या दोन्ही ठिकाणी यंत्र वापरणाऱ्याच्याच ताब्यात होते. दाराची डागडुजी मात्र कोणाच्या अंगावर आहे, हे ठरलेले नव्हते किंवा पाळले गेले नव्हते.

यावरचा खरा उपाय म्हणजे कागद ठेवण्यापूर्वीच कूटबद्ध करणे, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात बदलणे. १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडले: कुलपाची रचना शत्रूला माहीत झाली तरी चालेल, गुप्तता किल्लीत असावी. आजचे सारे गुप्तलेखन या तत्त्वावर चालते. मग किल्ली त्याच यंत्रावर ठेवली, तर ती कुलपालाच टांगून ठेवल्यासारखे आहे. आणि किल्ली एकाच चिटणीसांच्या डोक्यात असली, तर त्यांच्यानंतर मंडळाचे सारे दप्तर कायमचे बंद. यालाही तोड आहे. १९७९ मध्ये आदी शामीर या गणितज्ञाने किल्लीचे असे वाटे करण्याची रीत दाखवली, की पाचांपैकी कोणतेही तीन वाटे एकत्र आले तरच ती तयार होते, आणि दोघांच्या वाट्यांवरून काहीही कळत नाही. विश्वस्त मंडळ असलेल्या संस्थेला याहून शोभणारी रीत कोणती?

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब करत, ते मजकूर तिथे संपला हे पक्के करण्यासाठी. त्यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. संगणकातही असे मोर्तब आहे. कोणत्याही कागदापासून गणिताने एक ठसा काढता येतो. प्रचलित पद्धतीत तो चौसष्ट अक्षरांचा असतो, मग मूळ मजकूर एक ओळ असो की पाचशे पानांचे बाड. एक काना जरी बदलला तरी ठसा सगळाच बदलतो. प्रती काढल्या त्या दिवशी हे ठसे काढून छापील यादीत ठेवले, तर वीस वर्षांनी प्रत तीच आहे की नाही, हे काही क्षणांत पडताळता येते. खर्च जवळजवळ काही नाही, पण हे केले नाही तर उद्या वारसाच्या दाव्यात तुमची प्रत खरी कशावरून, याला उत्तर राहत नाही.

तिसरा प्रश्न सापडण्याचा, आणि इथे सगळ्यात मोठे धडे आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला बॅटऱ्या हलवण्याच्या कामात आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांचे कामाचे कागद ठेवणारा 'जी-ड्राइव्ह' हा सरकारचा स्वतःचा साठा होता. त्यातले ८५८ टेराबाइट जळून गेले. साठा एवढा मोठा, की त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. खासगीपणात कसूर नव्हती, यंत्र सरकारचे होते, आवार सरकारचे होते, आणि कागद गेले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हा ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती अशा ग्राहकांनाही हाच अनुभव आला. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला नियम म्हणून लक्षात ठेवावा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. आणि वर्षातून एकदा ती राखीव प्रत खरोखर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक.

इथवर बोललो ते सुरक्षेविषयी. खासगीपण त्याच्या पुढची पायरी आहे. चोर बाहेर राहिला तरी आत आपण किती पाहावे, हे उरतेच. दोनशे वर्षांपूर्वीचे दत्तकपत्र हा इतिहास आहे. हयात माणसाच्या दत्तकविधानाचा कागद, वधूवर अर्जातले उत्पन्न, मदतनिधीच्या अर्जातला आजार, हे कोणाचे तरी चालू आयुष्य आहे. दोन्ही एकाच कपाटात, एकाच किल्लीने उघडणारे नसावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती घेणे, आणि काम संपले की माहिती पुसणे, ही जबाबदारी घातली. वाजवी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आपल्या मंडळांनी भिऊन जाण्याचे कारण नाही, पण दहा वर्षांपूर्वीच्या मेळाव्याचे अर्ज अजून कशाला ठेवले आहेत, हे विचारण्याची वेळ आली आहे. जे ठेवलेच नाही, ते चोरीला जात नाही.

मग खासगी क्लाउड करावा की नाही? माझे मत सांगतो. दुरुस्त्या वेळेवर बसवणारा जाणता माणूस मंडळाकडे कायम असेल, तर जरूर करावा. तसा माणूस नसेल, तर कार्यालयाच्या कोपऱ्यातली आपली पेटी परक्या कंपनीपेक्षा अधिक धोक्याची ठरते. अशा वेळी कागद आधी कूटबद्ध करून मोठ्या कंपनीकडे ठेवावेत, एक प्रत दुसऱ्या गावच्या स्नेही मंडळाकडे द्यावी आणि किल्ली विश्वस्तांत वाटावी. परक्याच्या वाड्यात ठेवलेली, पण किल्ली आपल्याकडे असलेली पेटी, ही आपल्या वाड्यातल्या उघड्या पेटीपेक्षा जास्त खासगी आहे.

येत्या वार्षिक सभेत हिशेबपत्रकाबरोबर एवढे विचारा: किल्ली कोणाकडे आहे, ठशांची यादी कोठे आहे, दुसरी प्रत कोणत्या गावी आहे आणि ती शेवटची कोणी उघडली? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. आपल्या पूर्वजांनी हे कागद स्थलांतरात, प्लेगात आणि संस्थानांच्या विलीनीकरणातही सांभाळले. पुढे ते सांभाळण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.