कै. अण्णासाहेब लठ्ठे : वकिली आणि समाजसेवा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात देणगीदारांचे स्मरण प्रथम केले जाते आणि ते उचितच आहे. सभामंडपातील संगमरवरी पाट्यांवर त्यांची नावे कोरलेली असतात. परंतु संस्थेचे जुने दप्तर उघडले की आणखी एका दात्याचे हस्ताक्षर दिसू लागते. घटनेचा पहिला मसुदा, जमिनीच्या दाव्यातील कैफियत, नगरपालिकेला पाठविलेल्या उत्तराची स्थळप्रत, दोन भावांमधील तंटा मिटविताना लिहिलेला समझोता, असे कितीतरी कागद एखाद्या वकिलाने फी न घेता, रात्री जागून तयार केलेले असतात. त्याच्या नावाची पाटी सहसा कोठेच लागत नाही.

जैन आचारात आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. वकिलाचे विनामूल्य साहाय्य यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते? कायद्याची माहिती देणे हे ज्ञानाचे दान होय, हे सहज पटते. पण हातात नोटीस घेऊन थरथरत आलेल्या विधवेला एखादा जाणकार वकील "ताई, घाबरू नका, या घरावर तुमचा हक्क आहे" असे सांगतो आणि तो हक्क सिद्ध करण्यासाठी तिच्यासोबत न्यायालयाची पायरी चढतो, तेव्हा ते अभयदानच ठरते.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजात या परंपरेचा विचार करताना दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८७८ सालचा, गाव कुरुंदवाड. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील जैन समाज त्या काळी मुख्यतः शेतकरी होता. मंदिरे होती, भट्टारकांची पीठे होती, जमिनीही होत्या. नव्हते ते शिक्षण. सावकाराच्या खतावर आणि कचेरीतील कागदावर अंगठा उठविणारी माणसेच बहुसंख्य होती. अशा समाजातून एम. ए., एलएल. बी. पर्यंत पोचलेल्या तरुणाला व्यक्तिगत उत्कर्षाचे सर्व मार्ग मोकळे होते. परंतु त्यापूर्वीच, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी एका मोठ्या कार्यात हात घातला होता. निपाणीजवळच्या स्तवनिधी या तीर्थक्षेत्री १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांमध्ये अण्णासाहेब होते.

सभेने उत्सव आणि मिरवणुकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या निवासाकडे अधिक लक्ष दिले. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरला शिकायला आला तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्या मालिकेत १९०१ पासून दिगंबर जैन बोर्डिंगचेही नाव येते. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्यांचे द्रव्य आणि अण्णासाहेबांसारख्यांचे श्रम एकत्र आले. अण्णासाहेब पुढे राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि संस्थानच्या शिक्षण खात्यातही त्यांनी अधिकारपद सांभाळले. इंग्रजीतून जैन धर्माचा परिचय करून देणारे त्यांचे पुस्तक १९०५ साली प्रसिद्ध झाले.

स्मरणिकेत सहसा गौरवच छापला जातो. परंतु या इतिहासातील एक अप्रिय प्रसंग वगळला, तर पुढची हकीकत नीट समजणार नाही.

कोल्हापूरच्या याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत असे. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला हा विद्यार्थी गेला. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील. त्या दिवशी नियम चुकला होता आणि मुलगा बरोबर होता, याविषयी आज दुमत होण्याचे कारण नाही. ज्या संस्था अण्णासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कष्टाने उभ्या केल्या, त्यांच्याही दृष्टीला मर्यादा होत्या.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. संशयाची सुई अण्णासाहेबांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष मिळविण्यासाठी पोलिसांनी भाऊरावांवर दडपण आणले. खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला, त्यांना कोठडी सोसावी लागली आणि जीव देण्यापर्यंत मजल गेली. ज्या बोर्डिंगने आपल्याला बाहेर काढले, त्याच्या धुरीणाविरुद्ध दोन शब्द बोलले असते तर भाऊरावांची सुटका झाली असती. भाऊरावांनी ते दोन शब्द उच्चारले नाहीत.

वकिलाच्या आयुष्यात साक्षीदार हा रोजचा विषय. खरा कोण, पढविलेला कोण, घाबरलेला कोण, याची पारख करण्यातच त्याची उमेद जाते. अण्णासाहेबांचे स्वतःचे भवितव्य मात्र एका साक्षीदाराच्या सत्यनिष्ठेवर तरले, आणि त्या साक्षीदाराला समाजाच्याच संस्थेने दुखावलेले होते. जैन समाजाच्या इतिहासात सत्याणुव्रताचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

या प्रकरणानंतर अण्णासाहेब कोल्हापूर सोडून बेळगावला आले आणि तेथे त्यांनी वकिली सुरू केली. वास्तविक येथून पुढे समाजकार्याला रामराम ठोकून व्यवसायात रमणे सोपे होते, आणि तसे केले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु सभेचे कार्य, ब्राह्मणेतर चळवळ आणि विधिमंडळातील कामे वकिलीच्या जोडीने चालूच राहिली. शाहू महाराजांचे १९२२ साली देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ साली, महाराजांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक अण्णासाहेब लठ्ठे होते. ज्या संस्थानातून मनस्ताप सोसून बाहेर पडावे लागले, त्याच्याच अधिपतीच्या कार्याची साधार नोंद त्यांनी करून ठेवली. व्यक्तिगत कटुता बाजूला ठेवून कागदपत्रांच्या आधारे बोलण्याची वकिली शिस्त येथे समाजाच्या कामी आली. पुढे कोल्हापूरच्या दिवाणपदाची धुराही त्यांच्याकडे आली.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली. तिचे श्रेय अनेकांना दिले जाते. पण दारूच्या उत्पन्नावर पाणी सोडल्यावर तिजोरीतील खड्डा भरून काढण्याचे नावडते काम अर्थमंत्र्याच्या वाट्याला आले होते. शहरातील स्थावर मालमत्तेच्या भाडेमूल्यावर शेकडा दहा कर बसविण्यात आला आणि घरमालकांचा रोष ओढवला. व्यसनमुक्तीवर व्याख्यान देणे सोपे असते, तिची किंमत कोणी मोजायची हे ठरविणे कठीण असते.

१९५० साली अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव चालवीत आहे. योगायोग असा की, त्याच वर्षाचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हा पुढे महाराष्ट्रातील प्रत्येक मंदिराच्या, पाठशाळेच्या आणि धर्मशाळेच्या कारभाराचा पाया ठरला. त्या कायद्याच्या नावातील 'मुंबई'च्या जागी आता 'महाराष्ट्र' आले आहे. समाजातील वकिलांची निःशुल्क सेवा अधिकतर या कायद्याभोवतीच फिरते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर बोलणे इष्ट ठरेल.

'न्यास' हा शब्द आपल्या शास्त्राला नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार गणले आहेत, त्यांत न्यासापहार आणि कूटलेखक्रिया ही दोन नावे येतात. कूटलेख म्हणजे दुसऱ्याने जे म्हटले नाही वा केले नाही ते त्याच्या नावावर लिहिणे, अर्थात बनावट दस्तऐवज. न्यासापहाराचा टीकाकारांनी दिलेला अर्थ तर फारच सूक्ष्म आहे. एखाद्याने ठेव ठेवली, कालांतराने तो तिचा आकडा विसरला आणि परत मागताना कमी रक्कम सांगितली. ठेव सांभाळणारा "होय, तेवढीच होती, घेऊन जा" असे म्हणाला, तर तो न्यासापहार. त्याने कुलूप फोडलेले नाही की खिसा कापलेला नाही. समोरच्याच्या विस्मृतीचा लाभ तेवढा घेतला.

धार्मिक संस्थांच्या मिळकतींचे जे नुकसान होते, त्याचा मोठा भाग असाच विस्मृतीतून होतो. पूर्वजांनी देवाला दिलेली जमीन सातबारावर त्या वेळच्या एखाद्या वहिवाटदाराच्या नावे लागते. तो प्रामाणिक असतो. त्याच्या मुलाला हकीकत ठाऊक असते. नातवाला मात्र ती आजोबांचीच जमीन वाटते, आणि त्यात त्याचा खोटेपणा असतोच असे नाही. अशा वेळी फेरफार उतारे काढणे, न्यासाच्या परिशिष्ट एकमधील नोंद शोधणे, जुन्या हिशेबवहीतील खंडाच्या पावत्या जुळविणे हे काम कोणीतरी निरपेक्षपणे करावे लागते. फिर्याद लावण्याआधी त्या नातवाला घरी जाऊन कागद दाखविणारा वकील समाजाचे दुहेरी हित साधतो. जमीन राहते आणि माणूसही तुटत नाही.

कायद्याने घालून दिलेली वहिवाट तशी अवघड नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत फेरफार अहवाल द्यावयाचा. हिशेब दर वर्षी ३१ मार्चला बंद करून तपासून घ्यावयाचे. स्थावर मिळकत विकावयाची असेल, अथवा शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावयाची. तरीही कित्येक जुन्या न्यासांच्या दप्तरी दिवंगत विश्वस्तांचीच नावे वर्षानुवर्षे राहतात. मग वाद उपस्थित झाला की मिळकत कोणाच्या ताब्यात यापेक्षा अधिकृत विश्वस्त कोण, यावरच तारखा पडत राहतात. "आपल्याच माणसांत कागद कशाला" या भिडेने संस्थांचा जेवढा घात केला आहे, तेवढा शत्रूंनीही केला नसेल.

वकिलाच्या सेवेचा परीघ मंदिरापुरता नाही, नसावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेसाहाय्य मिळू शकते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील चालत नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. ही माहिती गरजू घरापर्यंत पोचविणे, अर्ज भरून देणे आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले गुपित स्वतःच्या पत्नीलाही न सांगणे, एवढ्यातून पुष्कळ घडते. गुपित फोडणे हाही सत्याणुव्रताचाच अतिचार मानला आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या न्यासाने पन्नास वर्षांत जमविलेले कागद कपाटात आहेत. समाजातील तरुण वकिलांनी महिन्यातून एक रविवार सकाळ त्यासाठी द्यावी, ज्येष्ठ विश्वस्तांना शेजारी बसवावे आणि कोणती जमीन कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने दिली ते त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे. खरेदीपत्रे, बक्षीसपत्रे, उतारे आणि पावत्या यांची यादी करावी. हे काम लवकर हाती घेतले पाहिजे, कारण त्या हकीकती मुखोद्गत असणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.

जय जिनेंद्र.