दगडाची चिठ्ठी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कविता करणारा माणूस दगडांविषयी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. आमच्या घरीही तसेच वाटते. पण माझ्याकडे एक काचेचे कपाट आहे आणि त्यात पुस्तकांऐवजी दगड आहेत. नुसते दगड नव्हेत, खनिजांचे स्फटिक. पाण्यासारखे नितळ, मोरपिसासारखे निळे, जर्दाळूच्या रंगाचे. त्यांतले फार थोडे मी स्वतः वेचले. बाकीचे जुन्या संग्रहांतून विकत घेतले. या खरेदीविषयी, आणि ती करताना माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आज बोलायचे आहे.

हा नाद लागला तो अब्बांमुळे. अब्बा रेल्वेत गँगमन होते, खंडाळ्याच्या घाटात. पावसाळ्यात दरड आली की दोन-दोन दिवस घरी येत नसत. असेच एकदा परतले, तेव्हा त्यांच्या जेवणाच्या डब्यातून एक दगड निघाला. बाहेरून काळाकुट्ट, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचा गुच्छ. अम्मी म्हणाली, "ये क्या, डब्बे में पत्थर?" अब्बा नुसते हसले. पुढे क्वार्टर बदलताना तो दगड कुठे गेला, ते कुणालाच कळले नाही. मी मात्र तो अजून शोधतो आहे, असे म्हटले तरी चालेल.

काळ्या दगडात ही फुले येतात कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. आपला सह्याद्री त्यांतूनच घडला. लाव्हा थिजताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि भिंतींवर सावकाश स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यांतली नावे. या कुळाला झिओलाइट म्हणतात, म्हणजे 'उकळणारा दगड'. तापवल्यावर त्यातले पाणी फसफसून बाहेर येते, हे पाहून क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. अपोफिलाइट या कुळातला नव्हे, पण राहतो त्यांच्याच शेजारी. आपल्याकडचा त्याचा हिरवा स्फटिक जगभरचे संग्राहक मागतात.

एक गंमत सांगतो. ह्यूलँडाइट हे नाव कुणा थोर शास्त्रज्ञाचे नाही. हेन्री ह्यूलँड हा लंडनमधला खनिजांचा व्यापारी होता. जुने संग्रह विकत घ्यायचे, लावायचे, लिलावात काढायचे, हा त्याचा धंदा. १८२२ साली या खनिजाला त्याचे नाव दिले गेले. म्हणजे पुण्याजवळच्या खाणीतला मजूर सुरुंगानंतर जो दगड बाजूला ठेवतो, त्यावर एका दुकानदाराचे नाव आहे.

आपले हे दगड साहेबाच्या देशात पोचले ते प्रामुख्याने रेल्वेमुळे. भोर घाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे खोदले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. त्यांतले हजारो पटकीने आणि तापाने गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही १८५९ साली आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. डोंगर फोडताना मोठमोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या. त्यांतले स्फटिक इंग्लंडच्या संग्रहांत गेले. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर 'पूनाह' असे लिहिलेले असते. तेवढा एक शब्द असला, की संग्राहकाचे डोळे चमकतात.

आता कुणी विचारेल, खाणी आजही चालू आहेत, मग जुना माल कशाला? त्याचे कारण साधे आहे. खडीच्या खाणीत स्फटिकाचे आयुष्य फार थोडे असते. सुरुंग उडाला आणि दगड क्रशरमध्ये गेला, या दोहोंच्या मध्ये कुणाची नजर पडली तर तो वाचला. शिवाय शहर वाढते तशी खाण बंद होते, तिच्यावर इमारत उभी राहते. त्या जागेतून काय निघत होते, याचा पुरावा मग कुणाच्या तरी लाकडी खणात उरतो. म्हणून संग्रहालयेसुद्धा जुने संग्रह घेतात. चार्ल्स ग्रेव्हिल या इंग्रज गृहस्थाचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने १८१० साली १३,७२७ पौंडांना घेतला. तो आजही जपलेला आहे. उलट, ज्याच्या पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली, त्या जेम्स स्मिथसनचा खनिजसंग्रह १८६५ च्या आगीत गेला. आपल्याकडे सिन्नरला 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

विकत घेताना काय पाहावे? पहिली गोष्ट, घाई करू नये. दगड उजेडात धरून स्फटिकांची टोके बघावीत. एक टोक उडालेले असले तरी किंमत निम्म्यावर येते. मग अंधारात अतिनील टॉर्च मारावा. चिकटवलेल्या जागी गोंद बऱ्याचदा निराळा चमकतो. ओकेनाइटचे कापसासारखे पांढरे गोळे असतात, ते कुणी निळे-गुलाबी रंगवून विकतात. निसर्गाने त्यांना तसा रंग दिलेला नाही. निळा हवा असेल तर वाघोलीचा कॅव्हन्साइट घ्यावा. हे खनिज प्रथम अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडले आणि १९७३ साली त्याची नोंद झाली, पण त्याचे उत्तम नमुने मिळाले ते आपल्या पुण्याजवळ.

आणि शेवटची, पण सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. जुन्या नमुन्याबरोबर कागदाचा एक कपटा असतो. त्यावर खनिजाचे नाव, ठिकाण, कधी कुणाकडून मिळाले ते. दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक आकडा लिहिलेला असतो. तोच आकडा संग्राहकाच्या वहीत सापडतो. दगड, चिठ्ठी आणि वही ही तिन्ही एकत्र असली तर घ्यावे. खनिज कोणते ते प्रयोगशाळा सांगू शकते. तो नेमक्या कुठल्या खाणीतून निघाला, हे बहुतेक वेळा चिठ्ठीच सांगते.

आम्हां शायरी करणाऱ्यांना हे चटकन कळते. गझलेच्या मक्त्यात कवीचे नाव गुंफलेले असते, पण एकटा शेर बाहेर पडला की तो अनाथ होतो. मग कुणीही उठतो आणि त्याच्याखाली गालिबचे नाव लावतो. गालिबचे नाव लागले की शेराला भाव येतो. गालिबने ज्या शब्दांना कधी हात लावला नसता, असे शेर त्याच्या नावावर फिरतात. मी हे ऐकले की संतापतो. आता मी स्वतः काय केले, ते ऐका.

२०११ साली पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात गेलो होतो. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा संग्रह विकायचा होता. सर वर्षभरापूर्वी गेले होते, मुलगा परदेशी होता, आणि वाडा बिल्डरच्या ताब्यात जायचा होता. काकूंनी पलंगाखालून दोन पेट्या ओढल्या. म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, भंगारात घाल. माझा जीव होत नाही."

मी एकेक पुडी सोडू लागलो. सुमारे चाळीस नमुने होते. एका डबीत दगड नव्हताच, नुसती पांढरी पूड होती आणि चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात 'लॉमोंटाइट'. या खनिजातले पाणी हळूहळू उडून जाते आणि स्फटिक ढासळून त्याची भुकटी होते. काकू म्हणाल्या, "ते टाका." मी म्हटले, "नको काकू, चिठ्ठी आहे." तो कधी काय होता आणि कुठला होता, एवढे तरी उरले होते.

भाव ठरवण्याआधी मी त्यांना सांगितले की यांतले चार नमुने महाग आहेत, त्यांचे वेगळे पैसे देतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही कविता करता ना? मग फसवणार नाही." मी म्हटले, "कवींचं काही सांगू नका, काकू." दोघेही हसलो.

त्या पेटीत अपोफिलाइटचा एक मोठा स्फटिक होता. पाठीवर आकडा ४७. चिठ्ठी नव्हती. वही काही केल्या सापडेना. घरी आणून तो दगड मी दिव्याखाली ठेवला आणि मला अब्बांचा डबा आठवला. तोच काळा दगड, तीच पांढरी चमक. ओळखीचे एक व्यापारी तो पाहून म्हणाले, "भाई, भोर घाट लिहून टाका. कोण बघायला येणार आहे? किंमत दुप्पट होईल." मी तो विकणार नव्हतो. पैशाचा मोह असता तर तो मला ओळखू आला असता, मी सावध झालो असतो. इथे मोह निराळा होता. तो दगड घाटातला असावा, असे मला मनापासून वाटत होते. एका रात्री मी चिठ्ठी लिहिली. 'अपोफिलाइट. भोर घाट, रेल्वे बोगद्याजवळ.' नीट, वळणदार अक्षरात. कपाटात मधल्या फळीवर ठेवली. दोन-चार महिन्यांनी मलाही ती खरी वाटू लागली.

पुढे महाविद्यालयातली एक मुलगी प्रकल्पासाठी आली. दिवसभर बसून तिने सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरवल्या. घाटाची चिठ्ठी उतरवताना म्हणाली, "सर, हा तर फार महत्त्वाचा नमुना आहे." मी काही बोललो नाही. चहा आणायला आत गेलो.

त्याच सुमारास आर्थर किंग्जबरी या इंग्रज संग्राहकाची हकीकत माझ्या वाचनात आली. मोठा जाणकार माणूस. १९६८ साली वारला. त्याचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. पुढे तपासणी झाली आणि १९९८ साली तिचे निष्कर्ष छापून आले. त्याने ब्रिटनमधल्या ज्या जागांची नावे सांगितली होती, तिथले कितीतरी नमुने नव्हतेच, दुसरीकडचे होते. त्या जागांवरून शास्त्रीय याद्या झालेल्या होत्या. वाईट हे, की त्याच्या खऱ्या नमुन्यांवरचाही विश्वास उडाला. मी पुस्तक मिटले आणि कपाटाकडे बघायचे टाळले.

२०१४ साली काकूंचा फोन आला. नव्या फ्लॅटमध्ये ट्रंक उघडताना सरांची वही सापडली होती. "तुमच्या दगडांची वही आहे, घेऊन जा," म्हणाल्या. मी त्याच दिवशी गेलो. जिन्यातच वही उघडली. सत्तेचाळीसाव्या आकड्यासमोर सरांनी लिहिले होते, 'अपोफिलाइट. जुन्या बाजारात घेतला. ठिकाण माहीत नाही.'

श्रोतेहो, सरांनी आयुष्यभर सह्याद्रीचा दगड अभ्यासला होता. अंदाज करायचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो केला नाही. चाळीस वर्षे तो दगड जवळ बाळगला आणि जागा कोरी ठेवली. मी तीन वर्षांत ती भरून टाकली होती.

संध्याकाळी त्या मुलीला फोन लावला. सगळे सांगितले, चिठ्ठी मीच लिहिली हेही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "प्रकल्प जमा झालाय, सर. पण शुद्धिपत्र जोडता येईल. त्यात काय लिहू?" मी म्हटले, "माहीत नाही, असं लिही, बेटा." तिने शुद्धिपत्र जोडले आणि त्याची एक प्रत मला पाठवली. ती मी सरांच्या वहीत ठेवली आहे.

खोटी चिठ्ठी मी फाडली नाही. जुनी चिठ्ठी, चुकीची असली तरी, फेकायची नसते. हा या छंदातला नियम आहे. तिच्यावर आडवी रेघ मारली, तारीख घातली, सही केली आणि ती नव्या चिठ्ठीखाली ठेवली. पुढे कुणाच्या हाती हा संग्रह जाईल, त्याला दोन्ही दिसतील.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची, मामांची अशी एखादी पेटी माळ्यावर असेल. शिंपले असतील, नाणी असतील, दगड असतील. विकायची असेल तर विका, त्यात गैर काही नाही. पण विकण्याआधी कागद शोधा. पाकिटे झटकून बघा, वह्या चाळा, दगडावरचा आकडा पुसू नका. घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर आजच विचारून ठेवा आणि ते सांगतील तसे लिहा. त्यांना आठवत नसेल, तर आठवत नाही असे लिहा.

सत्तेचाळीस नंबरचा दगड अजून मधल्या फळीवरच आहे. कधी कधी रात्री मी तो हातात घेतो. अब्बांच्या डब्यातला तो असेलही. चिठ्ठीवर मात्र मी तसे लिहिणार नाही.