माजी विद्यार्थ्यांचें देणें

(चाकण परिसरांतील एका गांवच्या प्राथमिक शाळेच्या वर्धापनदिनीं माजी विद्यार्थी मंडळापुढें केलेलें भाषण)



आजच्या समारंभांत आम्हां शिक्षकांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. शाळेची स्तुति करण्यांत आम्ही वेळ घालवीत नाहीं. शाळा तुमची आहे. तिचे गुण तुम्ही जाणतां. जमलेल्या वर्गणीचें काय करावें, हा आज मंडळापुढें प्रश्न आहे. दारावर दगडी कमान उभारावी, तीवर देणगीदारांचीं नांवें कोरावीं, असें बहुतेकांचें मत दिसतें. त्याविषयींच आम्हांस बोलावयाचें आहे.

पुण्यास बुधवार पेठेंत, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर, भिड्यांचा वाडा होता. तेथें १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. पुढें तो वाडा दुकानदारींत गेला, खचत गेला. स्मारकासाठीं कित्येक वर्षें कज्जा चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला. अखेर डिसेंबर २०२३ मध्यें पुणें महापालिकेनें वाडा ताब्यांत घेऊन पाडला व त्या जागीं राष्ट्रीय स्मारक करावयाचें ठरलें. म्हणजे शाळेला १७५ वर्षें भरलीं, त्याच सालीं तिच्या भिंती जमीनदोस्त झाल्या. मग इतकीं वर्षें ही शाळा लोकांच्या तोंडीं राहिली ती कशाच्या बळावर? भिंतींच्या बळावर खास नव्हे. शिकविणारांच्या आणि शिकलेल्यांच्या बळावर.

मुक्ता साळवे ही मांग समाजांतली मुलगी जोतीरावांच्या शाळेंत शिकली. १८५५ सालीं तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. चार अक्षरें आलीं म्हणून ती आपल्यापुरती सुखानें बसली नाहीं. शाळेंत मिळालेलें अक्षर तिनें शाळेबाहेर राहिलेल्यांसाठीं वापरलें. आमच्या मतें माजी विद्यार्थी या शब्दाचा खरा अर्थ हाच.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. पुढच्या दशकांत औद्योगिक वसाहत आली. आकुर्डी, चिंचवड, भोसरीकडचीं शेतें कारखान्यांखालीं गेलीं. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. मग तीच लाट चाकणास आली. काळी आई गेली याचें दुःख आहेच, पण पैसाहि आला. उरल्या गुंठ्यांवर आपण खोल्या बांधल्या, भाडें येऊं लागलें, आणि आपलीं मुलें पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेंत जाऊं लागलीं. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. आपल्या लेकराचें बरें कोणाला नको?

परंतु शाळेचें जनरल रजिस्टर आमच्या ताब्यांत असतें. दाखल्यासाठीं आजोबाचें नांव शोधावयास तुम्ही येतां, तेव्हां आम्ही जुनीं पानें उलटतों. त्यांत तुमचींच आडनांवें आढळतात. नव्या पानांवर नांवें आहेत तीं मराठवाड्याचीं, विदर्भाचीं, उत्तर प्रदेशाचीं, बिहारचीं. तीं मुलें कोणाचीं? तुमच्या भाडेकरूंचीं. खोली तुमची, भाडें तुम्हांस, आणि लेकरूं मात्र परकें! तुम्ही जेथें बसलां तेथें आज तीं बसतात, म्हणून ही शाळा उघडी आहे.

आणि कित्येक मुलें अजून खोल्यांतच आहेत. आई पहिल्या पाळीला कंपनींत जाते, दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारांत उभी असते. बाप शाळेपर्यंत येतो, आणि आपल्यापाशीं कागद नाहीं म्हणून बाहेरूनच परततो. त्याला कोणीं सांगितलेंच नाहीं कीं, २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जन्माचा पुरावा नाहीं, जुन्या शाळेचा दाखला आला नाहीं, साल निम्में सरलें, यांपैकीं कोणत्याहि कारणानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं. कधींच शाळेंत न गेलेल्या मुलास वयाप्रमाणें वर्ग द्यावयाचा व मागें राहिलेलें त्याच्याकडून करून घ्यावयाचें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें केली. सगळ्या देशाला असा हक्क मिळावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. तो मिळाल्यावरहि आपल्याच खोलींतल्या मुलापर्यंत पोंचूं नये काय?

एके काळीं आपल्या वाडवडिलांस विद्येच्या दारांतून हांकलणारे लोक होते. आज आपण कोणास हांकलीत नाहीं. फक्त दार कोठें आहे तें दाखवीत नाहीं. बाहेर राहिलेल्या मुलाला या दोहोंत काय फरक?

तेव्हां आमची सूचना अशी. कमान पुढच्या सालीं होईल. यंदा तीन कामें व्हावींत. पहिलें, ज्याच्या खोल्या असतील त्यानें आपल्या भाडेकरूंच्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची यादी आठ दिवसांत शाळेंत द्यावी. भाडें गोळा करण्याच्या फेरींतच हें काम होतें. दुसरें, पाळीच्या वेळीं धाकटीं भावंडें सांभाळण्यास मंडळानें एक खोली व एका बाईचा पगार द्यावा, म्हणजे ती दहा वर्षांची पोर वर्गांत येईल. तिसरें, १८५५ सालीं जोतीरावांनीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली, तशी येथें रोज तासभर मराठी लिहावाचावयास शिकविणारी शाळा चालावी. शिकवावयास आम्ही शिक्षक तयार आहोंत. दिवाबत्ती व पुस्तकें मंडळानें पाहावीं.

कोणी म्हणेल, हे लोक आज येथें, उद्यां भलत्या गांवीं. त्यांच्यासाठीं आपण कां खर्चावें? मंडळी, जोतीराव-सावित्रीबाईंना पोटचें मूल नव्हतें. त्यांनीं शिकविल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्याच मुली. त्यांपायीं त्यांना वडिलांचें घर सोडावें लागलें. आपल्याला कांहींच सोडावयाचें नाहीं. एक कमान वर्षभर थांबवावयाची आहे.

ठराव आम्हीं लिहून आणला आहे. ज्यांस तो मान्य असेल त्यांनीं घरीं जाण्यापूर्वीं सही करावी, आणि सहीपुढें आपल्या खोल्या किती तें लिहावें.