नेव्हिल डिसोझा आणि मेलबोर्नचे तीन गोल

फुटबॉलचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें दक्षिण अमेरिका उभी राहते. १९५० सालीं रिओच्या प्रचंड मैदानांत उरुग्वेच्या संघानें ब्राझीलचा त्याच्याच घरीं पराभव केला, ती हकीकत आजहि मोठ्या चवीनें सांगितली जाते. तेथील खेळाडूंचीं नांवें आपल्या शाळकरी मुलांनाहि मुखोद्गत असतात. परंतु त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं मुंबईच्या एका तरुणानें ऑलिंपिकच्या एकाच सामन्यांत तीन गोल केले, आणि असा पराक्रम करणारा तो आशियांतील पहिलाच खेळाडू ठरला, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? त्याचें नांव नेव्हिल स्टीफन डिसोझा.

नागपूरकरांना क्रिकेटची आठवण पक्की असते. सी. के. नायडू यांचा जन्म याच शहरांतला. १९२६ सालीं त्यांनीं मुंबईस एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध ११ षट्कार ठोकले, हें येथें आजोबा नातवाला सांगतो, आणि तें योग्यच आहे. नेव्हिलच्या वाट्याला मात्र असे आजोबा आले नाहींत.

त्याचा जन्म ३ जुलै १९३२ चा. कुळ गोमंतकीय ख्रिस्ती. त्या काळीं गोव्यांत पोर्तुगिजांचें राज्य होतें, आणि पोटासाठीं हजारों गोंवेकर मुंबईस येत. कोणी आगबोटीवर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी वाजंत्री. धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गांवोगांवच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांचें सामाईक बिऱ्हाड. बोटीवरून उतरलेल्या माणसानें पेटी ठेवावी, पाठ टेकावी आणि पुढची नोकरी शोधावी, अशी ती जागा. या समाजाला गाण्याचा आणि चेंडूचा सारखाच नाद. रविवारीं सकाळीं प्रार्थना आणि सायंकाळीं मैदान, हा पुष्कळांचा क्रम असे.

मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून चालू होती. आरंभीं तींत गोऱ्या पलटणींचाच वरचष्मा. हिंदी संघाला तो चषक प्रथम मिळाला तो १९३७ सालीं, आणि तोहि बंगलोरच्या मुस्लिम संघाला. नेव्हिल वयांत येईपर्यंत गोऱ्या पलटणी निघून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागीं कंपन्यांचे संघ उभे राहत होते. तो टाटांच्या संघांतून आघाडीच्या मध्यावर खेळूं लागला. १९५४ सालीं मुंबईनें संतोष चषक पहिल्यांदाच जिंकला, त्या संघांत तो होता.

येथें थोडें मागें जावें लागतें. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी पायांनीं खेळले आणि फ्रान्सकडून केवळ एका गोलानें हरले. त्याचें तिकडे मोठें कौतुक झालें. कौतुकाचा असा कैफ पुष्कळदां घातक असतो. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियानें आपल्या संघावर एकास दहा अशी मात केली, तेव्हां अनवाणी खेळण्याची हौस फिटली. त्यानंतर पायांत बूट आले आणि त्याबरोबर शिस्तहि आली.

ती शिस्त लावणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे गृहस्थ. पेशानें ते शाळामास्तर होते, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. मुलांच्या वर्गाला जसें रोज थोडें शिकवावें लागतें, तसेंच खेळाडूंच्या वर्गालाहि शिकवावें लागतें, हें ते जाणून होते. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकसाठीं त्यांनीं जो संघ तयार केला, त्याचे नायक समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते. उजव्या बगलेवर प्रदीपकुमार ऊर्फ पी. के. बॅनर्जी, आणि मध्यभागीं नेव्हिल.

नशिबानें हात दिला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पहिल्या फेरींत गांठ हंगेरीशीं पडावयाची होती. परंतु त्या वर्षीं हंगेरींत बंड झालें, रशियन रणगाडे बुडापेस्टमध्यें शिरले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाहीं. आपला संघ न खेळतांच पुढल्या फेरींत गेला. तेथें समोर उभा राहिला खुद्द यजमान ऑस्ट्रेलिया.

तारीख १ डिसेंबर १९५६. नेव्हिल चोवीस वर्षांचा. नवव्या मिनिटाला त्यानें पहिला गोल केला. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोनें बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलनें पुन्हां आघाडी मिळविली. मध्यंतरापूर्वीं मॉरोनें तीहि पुसून टाकली. दोन पावलें पुढें टाकावीं आणि दोन्ही वेळां कोणी मागें ओढावें, अशा वेळीं भल्याभल्यांचें मन खचतें. परंतु मध्यंतरानंतर पांचच मिनिटांनीं नेव्हिलनें तिसरा गोल केला, आणि या खेपेस बरोबरी करणारा कोणी उरला नाहीं. शेवटीं किट्टूनें चौथा गोल केला आणि सामना चार विरुद्ध दोन असा सुटला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरींत पोंचणारा भारत हा आशियांतील पहिला देश ठरला. हा विजय केवळ योगायोगाचा असें ज्यांस वाटलें असेल, त्यांना पुढें १२ डिसेंबरला सिडनीस उत्तर मिळालें. तेथें आपल्या संघानें त्याच ऑस्ट्रेलियाला एकाविरुद्ध सात गोलांनीं हरविलें.

उपांत्य फेरींत पुन्हां युगोस्लाव्हियाच समोर आला. हेलसिंकीच्या दहा गोलांची आठवण कोणाला नसेल? तरी मध्यंतरापर्यंत एकहि गोल झाला नाहीं. मध्यंतरानंतर बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनें गोल केला, आणि दोन-तीन मिनिटें भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. तेवढींच तीं मिनिटें. मग युगोस्लाव्हियाचे एकामागून एक गोल झाले; त्यांतील शेवटचा तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आंत गेला. एकाविरुद्ध चार. तिसऱ्या जागेच्या सामन्यांत बल्गेरियानें तीन गोलांनीं हरविलें आणि हातीं येऊं पाहणारें पदक निसटलें. चौथ्या क्रमांकाला पदक नसतें. तथापि त्या स्पर्धेंत सर्वांत अधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. त्याचे गोल चार, आणि युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच व बल्गेरियाचा मिलानोव्ह यांचेहि चार-चार.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. नेव्हिल भारताचा वेष घालून मेलबोर्नला उतरला, तेव्हां त्याच्या पूर्वजांचा गोवा भारतांत नव्हता. आदल्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९५५ रोजीं, सरहद्दीवर सत्याग्रह्यांवर पोर्तुगिजांनीं गोळ्या झाडल्या होत्या. सीमा बंद झाली होती, आणि मुंबईच्या गोंवेकरांना गांवीं म्हाताऱ्या आईबापांकडे जाणेंहि दुरापास्त झालें होतें. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजीं, म्हणजे त्या तीन गोलांनंतर पांच वर्षांनीं. भारत कोणता आणि त्यांत कोण येतें, याचा वाद दिल्लीस व लिस्बनला चालू असतां, एका गोमंतकीय तरुणानें आपल्यापुरता त्याचा निकाल मैदानावर लावून टाकला होता.

पुढें १९६० सालीं रोमला आपला संघ ऑलिंपिकांत पुन्हां खेळला. त्यानंतर मात्र फुटबॉलसाठीं तें दार आपल्याला उघडलेलें नाहीं. रहीम १९६३ सालीं वारले. त्यांच्या आयुष्यावर २०२४ सालीं ‘मैदान’ नांवाचा हिंदी बोलपट निघाला, आणि त्या निमित्तानें मेलबोर्नच्या सामन्याची थोडीफार चर्चा पुन्हां झाली. नेव्हिल डिसोझा त्याच्या कितीतरी आधीं, १६ मार्च १९८० रोजीं, निवर्तला होता. त्या वेळीं त्याचें वय सत्तेचाळीस वर्षांचें होतें.